ड्रायर नुसता घूं करतो, फिरत नाही. मोटरच गेली का?

मागची पडवी:

नमस्कार मंडळी. कणकवलीजवळच्या गावात राहते. सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे, ७ किलोचं, २०१६ च्या चतुर्थीला घेतलेलं. धुण्याची बाजू ठणठणीत आहे, ड्रायरने मात्र आठवडाभर संप पुकारलाय. टायमर फिरवला की ‘घूं’ आवाज येतो, वर हात ठेवला तर थरथर लागते, पण टब जागचा हलत नाही. मिनिटभराने तापल्याचा वास यायला लागतो आणि मी घाबरून बंद करते.

आता आठवतंय, महिनाभर आधीपासून तो फिरायला वेळ लावत होता. कपडे काढले तरी पाणी टपकायचं. मी उगीच चादरी जाड आहेत म्हणून त्यांना बोल लावला.

जुलैच्या पावसात इथे ड्रायर बंद म्हणजे काय, हे कोकणातल्यांना सांगायला नको. पडवीत चार दोऱ्या बांधल्यात, तिसऱ्या दिवशी कपड्यांना कुबट वास येतो. मुलाचा युनिफॉर्म रात्रभर पंख्याखाली आणि सकाळी इस्त्रीखाली. सासूबाई म्हणतात, “पिळूक हात नाय काय?” हात आहेत, पण गोधडी पिळून बघा एकदा.

मेकॅनिक येऊन गेला. आवाज ऐकला, मागचं झाकणसुद्धा न उघडता “मोटर गेली” म्हणाला, साडेतीनशे घेतले. नवी मोटर २६०० आणि मजुरी ५०० वेगळी. नवरा म्हणतो, त्यापेक्षा नवीन मशीनच घेऊ. मी शाळेत विज्ञान शिकवते, सातवीपर्यंत. माझा भाबडा प्रश्न: मोटर जळली असेल तर घूं तरी कशी करेल? पान्हे, पक्कड घरात आहेत, हात काळे करायची तयारी आहे.

पुणेरी पाना:

कंडेन्सर (मोटरला फिरायची सुरुवात करून देणारी छोटी डबी) गेलाय, शंभर टक्के. घरात जुना पंखा असेल तर त्याचा काढून लावा, फुकटात काम.

वाइंडिंगवाला:

पंख्याचा लावू नका हो. पंख्याचा बहुतेक अडीच मायक्रोफॅरडचा (हे कंडेन्सरचं माप) असतो, ड्रायरला साधारण दुप्पट लागतो. मशीनवर जो आकडा छापलाय तोच आणायचा, आणि व्होल्टही तेवढेच.

ताई, कोल्हापुरात माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे. तुमचा प्रश्न भाबडा नाही, बरोबर आहे. मोटर आतून तुटली असती तर बहुतेक गप्प बसली असती. या मोटरीत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एकीला सरळ वीज मिळते, दुसरीला कंडेन्सरमधून. दोन्हींची वेळ मागंपुढं होते म्हणून फिरायची दिशा ठरते. कंडेन्सर कमजोर झाला की मोटरला जोर लागतो पण वळायचं कुठं ते कळत नाही, म्हणून ती घूं करत बसते. तशीच ठेवली तर मग मात्र खरोखर जळते. वास आल्यावर बंद केलंत ते चांगलं केलंत.

आणि एक. धुण्याची बाजू चालते म्हणून कंडेन्सर ठीक, असं धरू नका. पुष्कळ मशीनांत एकाच डबीत दोन असतात, मोठा धुण्याचा, छोटा ड्रायरचा. छोटा एकटाच जातो.

पण कंडेन्सर आणायच्या आधी ब्रेक बघा. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. मागचं झाकण उघडा, वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या. ड्रायरच्या मोटरीवर एक गोल चकती दिसेल, तिला ब्रेक टेकतो. वरचं झाकण उघडलं की ब्रेक लागतो, लावलं की तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो. आता वरचं झाकण लावा आणि मागून चकती हाताने फिरवा. सहज दोन-तीन फेरे गेली पाहिजे. अडली तर दोष मोटरीचा नाही.

कंडेन्सरच्या टोकांना लगेच हात लावू नका. प्लग काढला तरी त्यात वीज राहते. जुना पिवळा बल्ब होल्डरसकट असेल तर होल्डरच्या दोन वायरी टोकांना लावा, उतरते.

मागची पडवी:

वाइंडिंगवाला दादा, शतशः आभार. आज रविवार, सकाळीच पदर खोचला.

मागे आठ स्क्रू. सहा सुटले, दोन गंजून बसलेले, ते पक्कडीने काढले. आत पाल होती, तिचं आणि माझं काही बोलणं झालं नाही, दोघीही आपापल्या दिशेने पळालो.

वरचं झाकण लावून चकती फिरवली. अर्धा फेरा गेली आणि खसकन थांबली. पुन्हा अर्धा. म्हणजे ब्रेक सुटतच नव्हता! तार सैल पडून लोंबत होती आणि ब्रेकची स्प्रिंग गंजाने लाल झालेली. तारेच्या टोकाच्या पट्टीला तीन भोकं होती, आकडा पहिल्यात होता, तो दुसऱ्यात घातला. स्प्रिंग घासून पुसली. आता चकती भिंगरीसारखी. इतका आनंद झाला की मुलाला बोलावून दाखवली, त्याला काडीचा रस नव्हता.

प्लग लावला. घूं. पण या वेळी टब हळूहळू, म्हातारा उठावा तसा, फिरायला लागला आणि तिथेच रेंगाळला. मग पुन्हा प्लग काढून, बल्ब लावून, कंडेन्सर काढला. वर १० + ५ लिहिलेलं, ४५० व्होल्ट. बाजारात दुकानदाराने मीटर लावला: दहाचा नऊ-साडेनऊ दाखवतोय, पाचचा फक्त १.८. तुम्ही म्हणालात तसंच, छोटा एकटाच गेलेला. नवीन १४० रुपयांना मिळाला. फोटो बघून वायरी जोडल्या. टब असा सुटला की मशीन हातभर सरकलं, कारण मी ते भिंतीला नीट टेकवलं नव्हतं.

एक गोष्ट खटकतेय. मोटरीवर आणि ब्रेकवर पांढरे ओघळ आहेत, वाळलेल्या साबणासारखे.

वाइंडिंगवाला:

झकास, ताई! १४० रुपयांत सुटलात.

पण ते ओघळ सोडू नका. टबाचा दांडा जिथून खाली येतो तिथं रबरी सील असतं. ते फाटलं की साबणाचं पाणी थेंब थेंब मोटरीवर पडतं. तुमची स्प्रिंग त्यानंच गंजली. सील बदललं नाही तर पुढच्या पावसाळ्यात तुमचा मेकॅनिक खरा ठरेल.

खालच्या जोडावर दांड्याला आवळलेला बोल्ट असतो, वर लॉकनट, बहुतेक १० चा पाना. तो ढिला करून टब सरळ वर उचलायचा. जुनं सील दुकानात घेऊन जा आणि जोडीनं मापून आणा, नुसतं मॉडेल सांगून आणू नका.

भिवंडीहून:

ड्रायरमध्ये कपड्यांवर ती जाळीची चकती ठेवता ना? आमच्याकडे ठेवत नसत. मोजे उडून टबाखाली दांड्याला गुंडाळले गेले, सील त्यांनीच फाडलं. तीन मोजे निघाले, तिन्ही वेगवेगळ्या जोडीतले.

मागची पडवी:

जाळीची चकती २०१७ सालीच हरवली. म्हणजे माझ्याकडेही मोजे निघणार.

लॉकनट अजिबात हलत नाहीये. खोबरेल सोडून बघू का?

वाइंडिंगवाला:

खोबरेल डोक्याला ठेवा. गंजाचं ऑइल मिळतं फवाऱ्याचं, ते नळीनं नेमकं नटावर दोन थेंब. ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे चकतीला टेकणाऱ्या पट्टीवर, उडालं तर ब्रेक धरणार नाही, तिथं आधी फडकं गुंडाळा. रात्रभर ठेवा, सकाळी पाना लावून हलकेच ठोका. आधी किंचित आवळायच्या बाजूनं, मग सोडायच्या.

मागची पडवी:

आवळायच्या बाजूने ठोकलं, ‘टक्’ झालं आणि सुटला. टब उचलला. मोजे दोन, एक रुमाल आणि पाच रुपयांचं नाणं. सील एका बाजूने अर्धं फाटलेलं आहे. ते पिशवीत घातलंय, उद्या शाळा सुटल्यावर दुकानात जाते.