सिव्हिल कोर्टाचे जिने

‘सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलायची तर एवढं चढ-उतर कशाला?’ असं पुणे मेट्रोच्या सिव्हिल कोर्ट स्थानकाबद्दल कुणीतरी विचारलंय. अहो, वनाज-रामवाडी मार्ग तिथे खांबांवर आहे आणि पिंपरी-स्वारगेट मार्ग जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर! दहा मजली इमारत उलटी पुरल्यासारखंच झालं. तिथून बोगदा मुठेच्या पात्राखालून मंडईकडे जातो, मग खोली हवीच की. छत मात्र छान केलंय, दिवसा उजेड पार खालपर्यंत पोचतो. सरकत्या जिन्यावर मी अजूनही नवख्यासारखा वर बघत उभा असतो (डाव्या बाजूने घाईत जाणाऱ्यांची क्षमा मागून). सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत गाडी सुरू झाली. आता हिंजवडीची मार्गिकाही इथेच येऊन मिळायची आहे.