अनुभव धागा : एकच काठ, बाराही महिने (फोटो काढणाऱ्या नागपूरकरांसाठी)

मागच्या जूनमध्ये एक खूळ डोक्यात घेतलं. महालातल्या घरून निघायचं, गांधीसागर तलावावर लोखंडी कठड्याच्या एका ठरलेल्या खांबाला टेकायचं आणि समोरचं पाणी, बेटावरची बाग नि तिच्यातलं महादेवाचं देऊळ असा एकच फोटो काढायचा. आठवड्यातून एकदा. खांब चुकत नाही, कारण कोण्या पेंटरनं त्याला हिरव्या ऑइलपेंटचा ब्रश पुसून ठेवलाय.

माझी समजूत अशी की ऋतू झाडांवर दिसेल. दिसतो, पण थोडा. आधी लक्षात आला तो सूर्य. जूनअखेर तो ज्या गच्चीवरच्या टाकीमागून निघायचा, तिथून सरकत सरकत डिसेंबरात पार उजवीकडे गेला. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश झाकतात असं म्हणतात, म्हणून मुठींनी मोजलं. पाच मुठी भरल्या! म्हणजे सकाळी सातचा जो फोटो उन्हाळ्यात सपाट यायचा, त्यातच थंडीत देवळाची एक बाजू सोन्यासारखी उजळायची. खांब तोच, कॅमेरा तोच.

दुसरी गंमत मे महिन्याची. २६ मेच्या सुमारास नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. बारा वाजून दहा मिनिटांनी मी रुमाल बांधून काठावर हजर. कठड्याच्या गजांची फरशीवर पडणारी जाळी आखडत आखडत खांबांच्या बुडाशी गोळा झाली. रमण विज्ञान केंद्र तिथून हाकेच्या अंतरावर, पण या प्रयोगाला तिकीट नव्हतं. बाजूच्या रसवंतीवाल्यानं मात्र मला वेड्यातच काढलं. अशा उन्हात बाहेर फिरणारा फक्त पोस्टमन असतो म्हणे.

आणि गणपतीचे दिवस. तलावात विसर्जन बंद झाल्यापासून काठाला पत्रे ठोकतात आणि कृत्रिम टाकी मांडतात. त्यामुळे माझ्या मालिकेत दोन फोटो निव्वळ पत्र्यांचे आहेत. पाणी नाही, देऊळ नाही. ते ठेवू की काढू, अजून ठरत नाहीये.

हा तलाव गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला. जुनी माणसं अजून जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलावच म्हणतात. तुमचा काठ कोणता? फुटाळा, अंबाझरी, कुठलाही चालेल. काय बिघडलं तेही सांगा. नुसतं 'सुंदर दिसतं' नको, राजेहो.

फुटाळ्यावरून

संध्याकाळी चौपाटीवर शंभर मोबाइल एकाच सूर्याकडे वळलेले असतात. तसले फोटो मीही दोन वर्षं काढले आणि दोन वर्षांनी पाहिलं तर सगळे सारखे. मग सूर्याकडे पाठ केली आणि पाण्यावरून येणारा तो तांबूस उजेड ज्यांच्या तोंडावर पडतो, ती माणसं टिपायला लागलो.

मे महिन्यात तोंडंच नसतात, दुपट्ट्यातून नुसते डोळे. ऑगस्टात भुट्ट्याच्या शेगडीचा धूर मधे येतो. जानेवारीत कानटोप्या, आणि स्कूटरवर बापाच्या पाठीला चिकटून बसलेलं पोर. विचारल्याशिवाय फोटो काढत नाही. भुट्टेवाल्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "माह्या काय फोटो काढतं बापू? तिकडं सूर्य बुडून राह्यला, थो काढ ना!" हसत होत्या, म्हणून तेवढ्यात काढला. प्रिंट नेऊन दिली तर शेगडीच्या गाड्यावरच चिकटवली. आता धुरानं पिवळी पडलीय.

नंदनवनातून, फंगसवाला

सगळ्यांनी ऐका. मे महिनाभर मी कॅमेऱ्याची बॅग कूलरसमोरच्या टेबलावर ठेवली. कॅमेऱ्याला गार बरं, असं डोकं. कूलर हवा गार करतो आणि ओलीही करतो, हे आठवलं नाही. पुढे पावसाळा लागला. पोळ्याच्या सुमारास लेन्समधून टॉर्च मारून पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करणाऱ्यानं हात वर केले.

आता स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळे खडे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परततो. ती कढई वेगळी ठेवा, नाहीतर घरात राहणं मुश्कील होईल. (अनुभव आहे.)

सीताबर्डीहून, स्टुडिओ बंद केलेला

तुम्ही लोकं उन्हाळ्यात बाहेर काय त्रास होतो ते लिहिता, आमचा त्रास आत होता. डार्करूमचा. ब्लॅक अँड व्हाइटचा डेव्हलपर २० अंशांवर हवा, आणि मे महिन्यात इथं नळाचं पाणीच चहाला ठेवल्यासारखं. तेवढ्या गरम पाण्यात फिल्मवरचं इमल्शन मऊ पडतं, नख लागलं तरी ओरखडा उठतो. म्हणून दुपारी सायकलवर बर्फाची लादी आणायची, गोणपाटात गुंडाळून. मोठ्या घमेल्यात बर्फ फोडायचा, त्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवायचा आणि थर्मामीटर धरून बसायचं. वीस आलं की झटपट काम. बाविसावर गेलं की मिनिटं कमी करायची, त्याचा तक्ता भिंतीवर लावलेला होता. हायपोचा (फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा) वास आणि घाम, पंखा लावायची सोय नाही, कारण धूळ उडते. थंडीत उलट, तोच ट्रे कोमट पाण्यात.

माझ्या शुक्रवारी तलावाच्या निगेटिव्ह पाहून आज मी महिना सांगू शकतो. उन्हाळ्यातल्या रोलवर दाणा जाड दिसतो. पाण्याकडे पाहायची गरजच नाही.

पत्र्यांचे फोटो मालिकेतून काढून टाकू नका हो. आमच्या वेळी रोलमध्ये छत्तीसच फोटो, म्हणून आम्ही टिनपत्रे, गाळ, जलपर्णी यांच्यावर फिल्म खर्चच केली नाही. आता लोक जुना तलाव दाखवा म्हणतात तर माझ्याकडे फक्त दिव्यांची रोषणाई निघते. तलाव काय दिवाळीपुरताच होता?

महालातून, गॅलरीवाली

माझ्याकडे मोबाइलच आहे आणि काठापर्यंत जायलाही वेळ मिळत नाही. गॅलरीतून दोन इमारतींच्या फटीत तलावाची हातभर पट्टी दिसते, तेवढीच. संक्रांतीला ती पट्टी पतंगांनी भरते आणि चहूकडून "ओ काऽऽट!" सुरू होतं. सासूबाई म्हणतात, आमच्या लहानपणी पट्टी नव्हती, सगळा तलाव दिसायचा. मी त्यांनाच त्या फटीसमोर बसवून फोटो काढला, ताटात सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) होती. फोटोत तलाव फोकसबाहेर गेलाय आणि वडी मस्त आलीय.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र तलाव सोडून मारबतीला, म्हणजे पुतळ्यांच्या मिरवणुकीला पळते. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची. त्या गर्दीत मोबाइल डोक्यावर धरून काढलेल्या चाळीस फोटोंपैकी अडतीस फोटोंत दुसऱ्यांचे हात येतात. सांभाळून.

अंबाझरी लेआउटमधून

लिहू की नको असं करत होतो. मी अंबाझरीवर दर रविवारी पक्षी टिपायचो. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे तोच तलाव घरात आला. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव भरून वाहिला, आणि आम्ही पलंगावर उभे. खालच्या कपाटात अकरा वर्षांचे प्रिंट होते. वाळवायला घातले तर एकमेकांना चिकटलेले, सोडवताना रंगच कागदावरून निघून आला. बदकाची मान इकडे, पाय तिकडे.

नंतर कित्येक महिने मी तलावाकडे गेलो नाही. कंपाउंडच्या भिंतीवर पाणी चढलं होतं त्याची चिखलाची रेघ होती, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. तिचाच फोटो काढायचो, दर महिन्याच्या २३ तारखेला. थंडीत ती वाळून पांढरी झाली, उन्हाळ्यात पापुद्रे सुटले, पुढच्या पावसात खालून शेवाळ चढत वर आलं. दिवाळीआधी रंगारी आला. त्याला म्हटलं, तुळशीमागचा वीतभर तुकडा सोड. तो म्हणाला, "काहून जी, डाग दिसन ना." दिसू दे म्हटलं.

आता परत जातो रविवारी. पण बदकं टिपण्याआधी सांडव्यावरून पाणी जातंय का, ते पाहतो.

*(महालवाला पुन्हा)* पत्र्यांचे दोन्ही फोटो ठेवतोय. सक्करदरा, सोनेगाव, नाईक तलाव या बाजूचं कुणीच कसं नाही अजून? नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला, आता कूलरमागे लपू नका. आणि फंगसवाल्या दादा, कढईत खडे किती वेळ परतायचे तेवढं सांगा, माझे आजच गुलाबी झालेत.