सिंगापूरला घरी राहणारी विश्वासू हेल्पर कशी शोधावी? (लेक १४ महिन्यांची आहे)

शेवंतीची फुलं

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली सिंगापूरला झाली आहे आणि मलाही तिथे नोकरी मिळाली. दोन महिन्यांत रुजू व्हायचंय. दोघंही एम्प्लॉयमेंट पासवर (परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) असू. लेक १४ महिन्यांची. दोघांच्या आया आलटूनपालटून येतील, पण कायमचं कुणी राहू शकणार नाही.

सासूबाईंकडे २२ वर्षं काम करणाऱ्या एक मावशी आहेत. नवऱ्याला शाळेत सोडायच्या त्याच, आता लेकीला तेल लावून न्हाऊ घालतात त्याही त्याच. त्या यायला तयार आहेत. वय ५४, शिक्षण चौथीपर्यंत. त्यांना नेता येईल का? आधी फिरायच्या व्हिसावर नेऊन तिथे गेल्यावर परमिट करून घेतात, असं एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं.

ते जमलं नाही तर एजन्सीतर्फे कुणीतरी शोधावं लागेल. अनोळखी बाईच्या हाती लेक सोपवायची या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. पासपोर्ट आपल्या कपाटात ठेव, मोबाइल दिवसा काढून घे, सगळीकडे कॅमेरे लाव, असे सल्ले मिळताहेत. ज्यांनी तिथे राहून हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

दूरदेशी

मावशींचं जमणार नाही, हे आधीच सांगते म्हणजे त्यांनाही आशेवर राहावं लागणार नाही. हेल्परच्या वर्क परमिटसाठी अर्जाच्या वेळी वय २३ ते ५० च्या आत लागतं आणि किमान ८ वर्षांचं शालेय शिक्षण लागतं. नात्यातली बाईही चालत नाही.

फिरायच्या व्हिसावर नेण्याचा विचार पूर्णपणे सोडा. परमिटशिवाय कामाला ठेवलं तर मालकाला ५,००० ते ३०,००० सिंगापूर डॉलर दंड, १२ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि पकडल्या तर मावशींवरही कारवाई होईल. २२ वर्षं तुमच्या घरासाठी राबलेल्या बाईला या वयात त्या प्रसंगात घालू नका.

पाणपोई

शेवंती, मी नऊ वर्षं सिंगापुरात राहिले, दोन मुलं तिथे वाढवली. तुमची झोप का उडाली आहे ते कळतं, म्हणून माझी पहिली चूक सविस्तर सांगते.

पहिली हेल्पर मी वीस मिनिटांत निवडली. एजन्सीने बायोडेटाचा गठ्ठा समोर ठेवला. प्रत्येकीच्या कागदावर तेच: लहान मूल सांभाळता येतं, स्वयंपाक येतो, कुत्रा चालतो, सुट्टी नको. मी हसरा फोटो आणि "सुट्टी नको" बघून ठरवलं. ती पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेली होती, तिथल्या भाषेत "फ्रेश". एजन्सीची फी मी भरली आणि ती दरमहा तिच्या पगारातून कापून घ्यायची ठरलं. सगळे असंच करतात, असं मला सांगण्यात आलं. एजन्सीला हेल्परकडून करारातल्या प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचा, जास्तीत जास्त दोन महिन्यांचा पगार एवढीच फी घेता येते. पण गावी एजंटचं देणं वेगळं होतं, ते मला माहीतच नव्हतं.

पहिले काही महिने तिच्या हाती जेमतेम खर्चापुरते पैसे येत. त्यातच गावी तिचा मुलगा आजारी पडला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. तिने कर्ज काढलं, मग वसुलीचे फोन सुरू झाले, ती दचकायला लागली, दूध उतू जाऊ लागलं, बाळाच्या औषधाची वेळ चुकली. मी तिचा फोन काढून घेतला. वाटलं, लक्ष फोनमध्ये आहे. प्रत्यक्षात मी तिचा मुलाशी बोलायचा एकमेव रस्ता बंद केला होता. सातव्या महिन्यात ती गेली. जाताना रडत सगळं सांगितलं, तेव्हा मला कळलं की मी ज्याला लबाडी समजत होते ती भीती होती.

दुसऱ्या वेळी एजन्सीची फी मी स्वतः सोसली, तिच्याकडून काहीच कापून घेतलं नाही. पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार, तोही बँक खात्यात. पहिल्याच आठवड्यात तिला म्हटलं, घरी काही अडचण आली तर आधी मला सांग, मी रागावणार नाही. ती पाच वर्षं राहिली. मधे एकदा तिने आगाऊ पगार मागितला, दिला, ठरल्याप्रमाणे फिटला.

आता पासपोर्टबद्दल. पासपोर्ट आणि वर्क परमिटचं कार्ड तिच्याकडेच राहायला हवं, ते काढून घेणं कायद्यात बसत नाही. तिचे पैसे "जपून ठेवायला" म्हणून आपल्याकडे ठेवायलाही २०१९ पासून बंदी आहे. आणि ज्या बाईला घरातून बाहेर पडायची सोय नाही तिच्या हाती बाळ देणं जास्त धोक्याचं, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे.

चिंचेचं झाड

पाणपोईताईंनी मनातलं लिहिलं. मी शोधण्याची पद्धत सांगतो. आमच्याकडे हे काम माझ्याकडे होतं.

मिनिस्ट्री ऑफ मॅनपॉवरच्या (सिंगापूरच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या) संकेतस्थळावर परवानाधारक एजन्सींची यादी आहे. नुसता परवाना बघून थांबू नका. त्या एजन्सीने लावून दिलेल्या हेल्परपैकी किती जणी त्याच घरी टिकल्या, हेही तिथे दिसतं. आम्ही आधी त्यावरूनच तीन एजन्सी निवडल्या.

मग "ट्रान्सफर" हेल्पर बघा, म्हणजे आधीपासून सिंगापुरात काम करत असलेली. तिला समोरासमोर भेटता येतं. तिची आधीची नोंद तपासता येते: किती घरं, कुठे किती काळ. नोंदीत चार घरं दिसली म्हणून लगेच फुली मारू नका. आमच्या हेल्परची तीन घरं होती. एक कुटुंब देश सोडून गेलं, एक आजोबा वारले, तिसऱ्या ठिकाणी तिला नातेवाइकांच्या घरीही कामाला पाठवत. ते बेकायदा आहे, आणि तिने नकार दिला होता. मला तर त्या नकारामुळेच ती पटली.

आधीच्या मालकिणीशी स्वतः फोनवर बोला, एजन्सीमार्फत निरोप नको. "कशी होती?" असं विचारलं की सगळे "चांगली" म्हणतात. त्याऐवजी विचारा: मूल रडत असताना ती काय करायची? कोणत्या गोष्टीवरून तुमचं तिचं वाजायचं? आज गरज पडली तर पुन्हा ठेवाल का? शेवटच्या प्रश्नाआधी समोरचा किती वेळ थांबतो ते ऐका.

मुलाखतीतही हो-नाहीचे प्रश्न टाळा. "लहान मूल सांभाळता येतं का?" याचं उत्तर कायम "येस मॅम". आम्ही विचारलं, बाळाला ताप आला आणि आम्ही दोघं फोन उचलत नाही, तर काय करशील? एकीने "देवाची प्रार्थना करेन" म्हटलं. दुसरी म्हणाली, आधी ताप मोजेन, कपडे कमी करेन, पुन्हा फोन लावेन, मग शेजारणीकडे जाईन, आणि हे सगळं आत्ताच कागदावर लिहून द्या म्हणजे मी फ्रिजवर लावते. तिला घेतलं.

तिला प्रश्न विचारू द्या. जी आपली खोली, सुट्टी, घरी फोन करायची वेळ याबद्दल विचारते, ती राहायच्या तयारीने आलेली असते.

दूरदेशी

कागदपत्रांचं थोडक्यात. पहिल्यांदा हेल्पर ठेवणाऱ्याला अर्जाआधी एम्प्लॉयर्स ओरिएंटेशन प्रोग्रॅम (मालकांसाठीचा माहितीवर्ग) करावा लागतो, साधारण तीन तासांचा, ऑनलाइनही होतो. लेव्ही, म्हणजे हेल्पर ठेवल्याबद्दल सरकारला द्यायचा कर, महिन्याला ३०० डॉलर. महिन्याला ६० डॉलरचा सवलतीचा दर बाळ सिंगापूरचं नागरिक असेल तर मिळतो, तुम्हाला तो लागू होणार नाही. शिवाय सरकारला हमी म्हणून ५,००० डॉलरचा बॉण्ड. ही रक्कम रोख भरायची नसते, विमा कंपनी हमी देते, आपण हप्ता भरतो. वैद्यकीय विमा वर्षाला किमान ६०,००० डॉलरचा (जुलै २०२३ पासून, आधी १५,००० होता) आणि अपघात विमाही ६०,००० चा. तिचं आजारपण पूर्ण आपल्या खर्चाचं, म्हणून विम्यात काटकसर करू नका. दर सहा महिन्यांनी तिची डॉक्टरी तपासणी करून घ्यावी लागते.

शेवंतीची फुलं

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशींना काल सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "जी येईल तिला माझ्याशी बोलायला लाव, लेकरू कसं झोपतं ते मी सांगते." मला तर बोलताच येईना.

अजून दोन शंका. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, ती कशी राहील? आणि सुट्टीचं काय? रविवारी बाहेर गेली की "बिघडते" असं सगळे म्हणतात.

काजवा

आमचंही घर शाकाहारी. मुलाखतीतच स्पष्ट सांगितलं की स्वयंपाकघरात मांस-मासे-अंडं येत नाही. दोघींनी तिथेच नकार दिला, बरं झालं. जी आली ती म्यानमारची. ती म्हणाली, घरात नको, पण बाहेर खाल्लेलं चालेल ना? का नाही चालणार! पगाराशिवाय दर आठवड्याला बाहेर जेवायचे पैसे देतो. भात मात्र तिला भरपूर लागतो, आपल्यासारखी एक वाटी नाही. आपण पोळ्या खातो म्हणून तिला दोन पोळ्यांवर ठेवलं तर ती उपाशी राहील आणि सांगणारही नाही. वरण-भात तिला आवडतो, भाकरी अजून जमत नाही. आम्ही शिकवतोय.

सुट्टीची भीती सोडा. आठवड्याची एक सुट्टी २०१३ पासून कायद्यात आहे. ती कामाला थांबली तर त्या दिवसाचा वेगळा पगार द्यायचा, महिन्याच्या पगाराला २६ ने भागून. पण १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैशात बदलता येत नाही, ती द्यावीच लागते. आम्ही चारही रविवार देतो. ती चर्चला जाते, मैत्रिणींबरोबर बागेत बसते, संध्याकाळी वेळेवर येते. सोमवारी सकाळी तिचा चेहरा बघाल तर हा प्रश्नच पडणार नाही. आपण कामावरून शनिवारी घरी येतो तेव्हा आपलंही तेच होतं की.

कॅमेरा आमच्याकडे आहे, हॉलमध्ये एक. पहिल्या दिवशी तिला दाखवला, काय दिसतं तेही मोबाइलवर दाखवलं. ती झोपते, कपडे बदलते तिथे अजिबात नको, तिला न सांगता तर कुठेच नको. बऱ्याच फ्लॅटमध्ये हेल्परसाठी बॉम्ब शेल्टरची बिनखिडकीची खोली देतात. घर भाड्याने घेतानाच तिची खोली बघून घ्या. आम्ही त्यासाठी हॉल लहान असलेला फ्लॅट घेतला.

खिडक्यांचं विसरू नका! बाहेरच्या बाजूने खिडकी पुसायची तर ग्रिल कुलूपबंद हवं आणि घरातलं मोठं माणूस शेजारी उभं हवं. उंच मजल्यांवरून बायका पडून गेल्या आहेत. आमच्याकडे बाहेरच्या काचा ती पुसतच नाही.

आडवाट

एक वेगळा रस्ताही सांगते. घरी राहणारी हेल्पर लगेच हवीच असं नाही. सिंगापुरात इन्फंट केअर (तान्ह्या बाळांचं पाळणाघर) १८ महिन्यांपर्यंत आणि त्यापुढे चाइल्ड केअर असतं, त्यामुळे तुमची लेक चारच महिन्यांत मोठ्या गटात जाईल. साफसफाईसाठी हाऊसहोल्ड सर्व्हिसेस स्कीम या सरकारी योजनेतल्या कंपन्या तासांवर माणूस पाठवतात. आम्ही पहिलं वर्ष असंच काढलं आणि घाईत कुणाला निवडावं लागलं नाही. शेजारणीची हेल्पर "दोन तास येऊन जाईल" असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. तिचं परमिट फक्त त्या एका घरासाठी असतं आणि तिला असं पाठवणाऱ्या मालकिणीला १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

शेवंतीची फुलं

आडवाट, हे डोक्यातच आलं नव्हतं. नवऱ्याशी बोलले. पहिले तीन महिने आई येतेय, त्या काळात इन्फंट केअर बघू आणि सोबत सावकाश मुलाखती घेऊ. ट्रान्सफर हेल्परच बघणार, फी आम्हीच सोसणार, पासपोर्ट तिच्याकडेच राहणार. ती घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावं तेवढं कुणी सांगाल का?

पाणपोई

आई असतानाच तिला आणा, म्हणजे दोन-तीन आठवडे तिघी एकत्र राहाल. तुम्ही दोघांपैकी एकाने पहिले पाच दिवस रजा घ्या. पहिल्या दिवशी काम सांगू नका. तिची खोली दाखवा, फोनला वायफाय जोडून द्या, घरी पोचल्याचा फोन करू द्या, जेवायला बसवा. दुसऱ्या दिवसापासून एकेक काम तुम्ही करून दाखवा, मग तिला करू द्या. बाळ लगेच एकटीच्या हाती देऊ नका. आधी बाळ तुमच्या मांडीवर आणि भरवणारी ती, मग बाळ तिच्या मांडीवर आणि तुम्ही शेजारी, मग तुम्ही बाहेरच्या खोलीत. लेक तिच्याकडे स्वतःहून हात पसरेल त्या दिवशी अर्धा तास खाली फिरून या.

आणि मावशींना व्हिडिओ कॉल नक्की लावा. भाषा एक नसली तरी बाळ कसं थोपटायचं ते हातांनी दाखवता येतं.