शॉन पॉलचा 'डटी रॉक' तुमच्यापर्यंत कसा पोचला?

ओसरी: जमैकन गायक शॉन पॉलचा नोव्हेंबर २००२ मध्ये आलेला हा अल्बम परवा सलग ऐकला. त्याच्या आधीचा 'स्टेज वन' माझ्या तरी कानावर आला नव्हता. मग एकदम 'गिमी द लाइट', 'गेट बिझी', 'लाइक ग्लू' सगळीकडे! तुम्ही कुठे, कुणाबरोबर ऐकलात? आवडला नसेल तर तेही लिहा.

ताशेवाला: पुणे, हॉस्टेलची कॉमन रूम, टीव्हीवर 'गेट बिझी'. मी पथकात ताशा वाजवायचो, त्यामुळे कान आधी टाळ्यांकडे गेला. गाण्याचा सगळा डोलारा त्या टाळ्यांवर! शब्द ओ की ठो कळले नाहीत. आम्ही आमचेच घातले होते, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

रात्रपाळी: त्या सुमारास मी न्यू जर्सीत देशी पार्ट्यांना गाणी लावायचो. जमैकात एक संगीतकार ताल तयार करतो, त्याला रिडिम म्हणतात, आणि मग अनेक गायक त्याच रिडिमवर आपापली गाणी बांधतात. ताशेवाले, तुमच्या टाळ्यांचा रिडिम स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनचा आणि त्याचं नाव चक्क 'दिवाली'! वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' आणि लुमिडीचं 'नेव्हर लीव्ह यू'ही त्यावरच. तिन्ही एकापाठोपाठ लावली की ताल मोडतच नाही. दमलेली मंडळी खुर्चीकडे वळेपर्यंत पुढचं गाणं सुरू झालेलं असायचं. ज्यांना शॉनचा धडाका सोसत नसे, ते वेनच्या गोड गळ्यावर उठायचे. भांगडावाले तर कशावरही उठायचे म्हणा. मे २००३ मध्ये 'गेट बिझी' बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकन गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, त्यानंतर मात्र काका लोकही "ते टाळ्यांचं लाव रे" म्हणायला लागले.

खडूस_कान: मी बुजू बॅन्टन, बाउंटी किलर असे जमैकाचे रांगडे गायक ऐकणारा, त्यामुळे नाक मुरडलं होतं. जमैकाच्या संघातून वॉटर पोलो खेळलेला हा देखणा गडी मला फारच गुळगुळीत वाटायचा. अजूनही वाटतो. बियॉन्सेबरोबरचं 'बेबी बॉय' नऊ आठवडे पहिलं होतं, पण त्या गाण्यात तो पाहुणाच. २००४ चं रेगे अल्बमचं ग्रॅमी मिळालं, ठीक आहे.

माजघर: खडूसराव, लंडनला हार्ल्सडेनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक जमैकन आजी राहायच्या. त्यांचंही तुमच्यासारखंच, शॉन पॉल म्हणजे पोराटोरांचा धिंगाणा. पण साशाबरोबरचं 'आय अ‍ॅम स्टिल इन लव्ह विथ यू' लागलं की आजी ओट्यापाशी डुलत बसायच्या. मूळ गाणं अल्टन एलिसचं, १९६७ चं, म्हणजे त्यांच्या ऐन तरुणपणातलं. नातवाने अल्बम त्या एका गाण्याच्या जोरावर घरात खपवून घेतला होता. माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं तेच.

लोकल_प्रवासी: आमच्या स्टेशनबाहेर 'शॉन पॉल हिट्स' नावाची एमपी३ सीडी मिळायची. निम्मी गाणी शॅगी या दुसऱ्याच जमैकन गायकाची! मुखपृष्ठावर तिसराच कुणीतरी.

खडूस_कान: सीडीवाल्याचं बरोबरच होतं की. शॅगीचा 'हॉट शॉट' २००१ मध्येच बिलबोर्डच्या अल्बम यादीत पहिला आला होता, 'डटी रॉक' नवव्या क्रमांकापर्यंतच गेला. वाट आधी कुणी पाडली ते त्याला ठाऊक होतं.