विषय: कपाटाची किल्ली कोणाकडे आहे? (गुरुवारच्या आत!!)

वंदना (हॉल बुकिंग), सोमवार, रात्री ९.५०

मंडळी नमस्कार,

चर्च हॉलमधल्या आपल्या स्टीलच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे? माझ्याकडची गणपतीत प्रसादला दिली, त्याने मखरवाल्यांना दिली, पुढचा ठावठिकाणा नाही. दुसरी किल्ली होती हे नक्की.

कपाट गुरुवारच्या आत रिकामं करून द्यायचंय. कारण मागच्या मेलमध्ये लिहिलं होतं, कोणी वाचलं नसेल हेही माहीत आहे. मानवी तस्करीतून सुटलेल्या माणसांसाठी चार चर्च मिळून गुरुवारी जे काम करतात, ते आता कायमचं आपल्याच हॉलमध्ये होणार. म्हणून आपली लेझीमची प्रॅक्टिसही गुरुवारऐवजी शनिवारी. त्यांना तीन शिलाई मशिनं आणि पिशव्या कुलपात ठेवायच्या आहेत. व्हिकरबाईंनी (चर्चच्या धर्मगुरू) फार हळू आवाजात विचारलं. त्या हळू बोलल्या की आपल्याला नकार देता येत नाही.

वंदना

प्रसाद, सोमवार, रात्री १०.१५

किल्ली माझ्याकडे नाही. मखरवाल्या टीममध्ये मी, नितीन आणि नितीनचा मेहुणा होतो. मेहुणा पुण्याला गेला.

पण मूळ प्रश्न वेगळा आहे. कपाट मंडळाच्या पैशातून घेतलंय, पावती माझ्याकडे आहे. आपण भाडं भरतो, फुकट बसत नाही. साइड रूममध्ये चर्चचं स्वतःचं लाकडी कपाट आहे, त्यात नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांचे झगे आहेत. वर्षातून एकदा लागतात. ते हलवा की! आमच्या कपाटात समई आहे, बारा जोड्या लेझीम आहे, ताशा आहे. ताशा ओल्या गॅरेजमध्ये ठेवला तर कातडं गेलंच समजा.

अरविंदकाका, मंगळवार, सकाळी ६.०५

प्रसादशी सहमत. शिवाय एक स्पष्ट बोलतो. एक चर्च मदत करतंय म्हटलं तर समजू शकतो. चार चर्च एकत्र आली की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. मेथडिस्ट आणि कॅथलिक एका टेबलावर बसलेले मी चाळीस वर्षांत पाहिले नाहीत. अडलेल्या बायकांना चहा-बिस्किटाबरोबर बायबल द्यायचं, हे आपल्याला नवीन नाही. मंडळाने यात कपाटापुरतंही पडू नये.

शिवाय मानवी तस्करी वगैरे लंडनला असेल. इथे कुठे?

अरविंद

स्मिता, मंगळवार, दुपारी १२.४०

काका, इथेच. ब्रिटनमधला तस्करीचा आजवरचा सगळ्यात मोठा खटला आपल्या वेस्ट मिडलंड्समधला. पोलिसांच्या तपासाचं नाव ऑपरेशन फोर्ट. पोलंडहून माणसं आणायची, घाणेरड्या घरांत कोंबायची, शेतावर आणि कचरा निवडायला पाठवायची, पगार टोळीच्या खात्यात. पोलिसांचा अंदाज ४०० हून जास्त माणसांचा. २०१९ मध्ये आठ जण दोषी ठरले. आणि ते उघडकीला कसं आलं? २०१५ मध्ये, सूप किचनमध्ये. भुकेली माणसं फुकट जेवायला आली आणि होप फॉर जस्टिस या संस्थेच्या कार्यकर्त्यांशी बोलायला लागली. बायकाच असतात असंही नाही, त्यात बहुतेक पुरुष होते.

चार चर्च का, तर एकाकडे सगळं नाही म्हणून. हॉल चर्च ऑफ इंग्लंडचा, मिनीबस मेथडिस्टांची, कॅथलिकांकडे पोलिश आणि अल्बेनियन बोलणारी माणसं, आणि सॅल्व्हेशन आर्मीला हे काम मुळापासून माहीत. इंग्लंड-वेल्समध्ये सुटून आलेल्या प्रौढांची सोय करायचं सरकारी कंत्राट २०११ पासून त्यांच्याकडे आहे. त्यांच्या हाताखाली बऱ्याच संस्था आहेत. मेडाय ट्रस्ट कॅथलिक सिस्टरांनी (नन) २००६ मध्ये सुरू केलेला, तर काहींचा धर्माशी काही संबंध नाही. सेफ हाऊसमध्ये, म्हणजे सुटलेल्यांना ठेवतात त्या गुप्त घरात, कोणाला प्रार्थनेला बसवत नाहीत.

मग गुरुवार कशाला? कारण सेफ हाऊस कायमचं नसतं. होम ऑफिसचे, म्हणजे इथल्या गृहखात्याचे, दोन निर्णय असतात. पहिला, ‘असं घडलं असावं’. दुसरा, ‘असंच घडलं’. पहिल्यानंतर कायद्याने किमान ३० दिवस सावरायला मिळतात (आधी ४५ होते, २०२३ पासून ३०). दुसऱ्याला महिनोन्महिने, कधी वर्षही लागतं. तोवर माणूस एका अनोळखी गावात, अनेकांना कामाची परवानगी नाही, भिंतीकडे बघत बसायचं. गुरुवारी शिवण, इंग्रजी, आणि कोणीतरी शिजवलेलं गरम जेवण. बस्स.

आणि प्रसाद, पिशव्यांत काय आहे तेही सांगते, मी दोनदा भरल्यात. टूथब्रश, टॉवेल, स्लिपर, फोन चार्जर, आणि टॅग न काढलेले नवे आतले कपडे, सगळ्या मापांचे. टॅग काढायचा नाही हे मला बजावून सांगितलं. आपल्यासाठी कोणीतरी कोरं आणलंय हे दिसलं पाहिजे म्हणून. त्यासाठी कपाट हवंय. ताशाचं मी बघते.

स्मिता

शशी (नगरवाला), मंगळवार, दुपारी १.१०

सॅल्व्हेशन आर्मी म्हणजे आपली मुक्तिफौज हो! नगरचं बूथ हॉस्पिटल त्यांचंच. माझा जन्म तिथला, दोन्ही बहिणींचा तिथला. कोविडमध्ये अख्खं नगर तिथे होतं. आजी आमच्या देव्हाऱ्यासमोरून न हलणारी, पण बाळंतपण म्हटलं की “बूथमध्येच”. कोणी बाटलं नाही आमच्यात. जाता जाता, नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण हॉस्पिटलला आम्ही बूथच म्हणणार.

प्रसाद, मंगळवार, दुपारी १.२५

किल्ली बूथ हॉस्पिटलमध्ये आहे का? विषयावर या.

उषाताई (वुल्वरहॅम्प्टन), मंगळवार, रात्री ८.३०

चिरंजीव अरविंद,

बायबलची भीती वाटते म्हणालास म्हणून लिहिते, नाहीतर मला टाइप करायला तास लागतो.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या. त्या सिस्टरांचं लंडनला फुलहॅममध्ये एक घर होतं, ज्यांना तेव्हा ‘पतित’ म्हणत त्या बायकांसाठी. रमाबाई ते बघायला गेल्या. अशा बाईशी कोणी मायेने बोलतं, हे त्यांनी तिथे पहिल्यांदा बघितलं. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तिथून आपला विचार पालटत गेला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे खरंच आहे, मी लपवत नाही. पण मग त्याच सिस्टरांशी त्या वर्षानुवर्षं भांडल्या, पत्रांतून. तुम्ही सांगाल ते सगळं डोळे मिटून मानणार नाही म्हणाल्या. केडगावला मुक्ती सदन काढलं, त्यात कृपासदन केलं, ते फुलहॅमला पाहिलेल्याच कामासाठी. तर तुझी शंका खोटी नाही, पण बाई जाळ्यात सापडलेली मासोळीच असते असं कशाला धरून चालायचं?

चर्च ऑफ इंग्लंडचं आज या कामासाठी जे खातं आहे त्याचं नाव क्लूअर इनिशिएटिव्ह. क्लूअरच्या सिस्टर १८५२ पासून हेच काम करत होत्या, त्यांच्यावरून ठेवलंय. आणि वेगवेगळी चर्च एका टेबलावर बसत नाहीत म्हणतोस, तर कॅथलिक आणि चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांनी २०१८ मध्ये मिळून कार वॉशचं ॲप काढलं. नातवाने माझ्या फोनवर घालून दिलं होतं. गाडी धुणाऱ्याच्या हातात मोजे आहेत का, पायात बूट आहेत का, पैसे फक्त रोख घेतात का, तो घाबरलेला दिसतो का, असं विचारायचं. तुम्ही सगळे पिकनिकच्या आदल्या दिवशी पाच पौंडात गाड्या चकाचक करून आणता. कधी त्यांच्या हातांकडे बघितलंत?

किल्ली माझ्याकडे नाही.

उषाताई

नितीन, मंगळवार, रात्री ९.१५

उषाताई, _/\_

माझा मुद्दा फक्त लेझीमचा. गुरुवारी साडेसातला प्रॅक्टिस आहे, ती शनिवारी का ढकलायची? आम्ही मोठ्या हॉलमध्ये, ते साइड रूममध्ये. कोणाला काय त्रास?

उलट मी म्हणतो, मंडळाने पुढाकार घ्यावा. त्यांना दिवाळीला बोलवू. स्टेजवर साडी-चोळी देऊन सत्कार करू. लोकल पेपरला फोटो देऊ. मंडळाचंही नाव होईल, कौन्सिलच्या ग्रँटला उपयोगी पडेल.

वंदना, मंगळवार, रात्री १०.०५

नितीन, मला हे यादीवर लिहायचं नव्हतं.

गेल्या महिन्यात तू प्रॅक्टिसचं रील टाकलंस. अकराव्या सेकंदाला मागे दार उघडतं आणि निळा कार्डिगन घातलेली एक बाई पाण्याचा जग घेऊन जाते. दोन सेकंद. खाली तू हॉलचं नाव टॅग केलं होतंस, वार आणि वेळ लिहिली होतीस.

व्हिकरबाईंनी मला फोन केला तेव्हा रीलला नऊशे व्ह्यूज होते. तुझी चूक नाही, तुला कोणी सांगितलं नव्हतं, मलाही नव्हतं माहीत. तू लगेच काढलंस. पण ती बाई त्यानंतर दोन गुरुवार आली नाही. तिला ज्यांनी आणलं ते अजून याच देशात आहेत.

म्हणून लेझीम शनिवारी. म्हणून सत्कार नाही, फोटो नाही, साडी नाही.

नितीन, मंगळवार, रात्री १०.२०

सॉरी. खरंच माहीत नव्हतं.

शनिवार ठीक आहे.

अरविंदकाका, बुधवार, सकाळी ६.१०

उषाताईंचा मान राखून शंका मागे घेतो, अर्धी. रमाबाईंबद्दल माझं मत वेगळं आहे, ते एजीएमनंतर चहाला.

पण एक कळत नाही. आपण इतकी माणसं हिंदी, मराठी, गुजराती बोलणारी. त्यांना दुभाषी लागत असणार. कपाट मागतात, माणसं का मागत नाहीत? चर्चला आपण फक्त सामान हलवायला हवेत का?

वंदना, बुधवार, सकाळी ९.३०

काका, मी हेच विचारलं होतं व्हिकरबाईंना. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, भारतातून आलेल्या आहेत काही, पण त्यांनीच सांगितलंय की दुभाषी इथला भारतीय नको. फोनवरचा चालेल, दूरच्या गावातला, नाव न सांगणारा.

प्रसाद, बुधवार, सकाळी ९.४१

म्हणजे आपण काय गुंड आहोत?

स्मिता, बुधवार, सकाळी १०.२०

गुंड नाही. ओळखीचे.

घरकामाचा व्हिसा असतो, सहा महिन्यांचा, मालकाबरोबर येणाऱ्या मोलकरणींसाठी. २०१२ मध्ये तो एकाच मालकाला बांधला. २०१६ पासून मालक बदलता येतो, पण मुदत वाढत नाही. व्हिसाचे दोनच महिने उरलेल्या बाईला कोण कामावर घेणार? पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात. आणि ती मालकीण रविवारी कुठल्या तरी मंडळात हळदीकुंकवाला जाते. आपल्या नसेल, दुसऱ्या कुठल्या. पळून आलेल्या बाईला आपल्यासारखा कोणी दिसला की पहिला प्रश्न मनात येतो, हा कोणाला ओळखतो? तिच्या आईला गावी फोन जायला एक ओळख पुरते.

मीही दुखावले होते. मग दोन गुरुवार नुसत्या पिशव्या भरल्या.

मकरंद, बुधवार, दुपारी ३.०५

नमस्कार. मी सहसा या यादीवर लिहीत नाही.

दोन वर्षं मी सॅल्व्हेशन आर्मीसाठी गाडी चालवतो, स्वयंसेवक म्हणून. माणसाला जिथे सापडला तिथून सेफ हाऊसपर्यंत न्यायचं. आम्ही दोघं जातो, मी आणि मेथडिस्ट चर्चमधल्या एक निवृत्त शिक्षिका. बायकोलाही पत्ता सांगायचा नाही. नाव माहीत असतं, बाकी काही विचारायचं नाही. रेडिओ लावू का, एवढं विचारतो.

एकदा तीन तासांचा रस्ता होता. मागे बसलेल्या बाईने कॅरिबॅग मांडीवर धरली होती, ती शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. मोटरवेच्या सर्व्हिसेसला थांबलो तर शिक्षिकाबाईंना म्हणाली, बाथरूमला जाऊ का? बाई म्हणाल्या, विचारायचं नाही गं, जायचं. तरी परत येताना दाराशी उभी राहिली, गाडीत बसू का म्हणून. मी हिंदीत काही बोलणार होतो. बोललो नाही. माझ्या गाडीत आरशाला गणपती लटकवलेला असतो, त्या दिवसापासून निघताना तो काढून डॅशबोर्डमध्ये ठेवतो. देव समजून घेईल.

कपाट द्या. माझ्याकडे किल्ली नाही.

मकरंद

शशी, बुधवार, दुपारी ३.३०

मकरंद, दोन वर्षं! आणि आम्ही समजत होतो तू ब्रिज खेळायला जातोस.

अरविंदकाका, बुधवार, दुपारी ४.००

माझं गॅरेज कोरडं आहे. डीह्युमिडिफायर आहे. मखर, समई, लेझीम मावेल. ताशा घरात ठेवीन, दिवाणखान्यात, हिला विचारलंय.

जेवण द्यायचं असेल तर मुगाची खिचडी आणि कढी माझ्याकडून. डबे मागच्या दाराशी ठेवून निघून जाईन, आत येणार नाही. तिखट किती चालतं तेवढं विचारून सांग. डब्यावर नाव-गाव लिहायचं नाही ना? ॲलर्जीचं लिहावं लागेल.

प्रसाद, बुधवार, दुपारी ४.४५

किल्ली सापडली.

मेहुण्याला पुण्याला फोन केला. विसर्जनाच्या रात्री आरतीचं ताट आत ठेवताना त्याने दोन्ही किल्ल्या ताटात ठेवल्या, आणि कपाट ढकलून बंद केलं. ते ढकललं की आपोआप लॉक होतं. म्हणजे किल्ल्या कपाटात आहेत.

कोणाकडे ग्राइंडर आहे? कुलूप नवीन मी आणतो. पावती मंडळाच्या नावाने करायची की चर्चच्या?

नितीन, बुधवार, दुपारी ४.५२

ग्राइंडर आहे. आजच सहाला येतो, उद्या नको.

फोन गाडीत ठेवीन.