मदत हवी आहे: मायक्रोबबल दिले तरी औषध पेशीत जातच नाही

शेवटची_बॅच: तीन आठवडे यातच गेले. डॉक्सोरुबिसिन (कॅन्सरचं औषध, स्वतःच चमकतं), मायक्रोबबल (वायू भरलेले सूक्ष्म बुडबुडे, ध्वनीने थरथरून पेशीचा पडदा सैल करतात) आणि अल्ट्रासाउंड एकत्र दिलं, तरी नुसत्या औषधाच्या तुलनेत पेशींतल्या चमकेत काडीचा फरक नाही. पॉवर दोनदा वाढवून झाली. सोमवारी गाईडना आकडे दाखवायचेत. कुणी केलंय का हे?

कंपन: फ्रिक्वेन्सी? पल्स केवढा? प्लेट कशी ठेवता? याशिवाय कोण काय सांगणार?

शेवटची_बॅच: फिजिओथेरपीचं मशीन. १ मेगाहर्ट्झ, २ वॅट प्रति चौ. सेंमी. सहा खणांची प्लेट, खालून जेल लावून प्रोब. बबल लिपिडच्या कवचाचे.

कंपन: वॅटवरून पेशींपाशी प्रेशर किती हे कळत नाही, हायड्रोफोनने (पाण्यातल्या मायक्रोफोनने) मोजा. वर पेशींचं द्रव माध्यम संपून हवा लागते, तिथून जवळजवळ सगळा ध्वनी उलटा फिरतो आणि स्थिर लहरी बनतात. मग जागा जराशी हलली तरी प्रेशर बदलतं.

नॅनो_कण: बबलचा नाद सोडा. तापमानाला उकलणारे लिपोसोम (औषध भरलेल्या चरबीच्या सूक्ष्म पिशव्या) घ्या, ४०-४२ अंशांना औषध सुटतं. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात जमलं.

शेवटची_बॅच: माझा विषयच बबलचा आहे हो.

लेक_विचारतेय: मध्येच विचारते, माफ करा. आईला ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा कॅन्सर) आहे. हा उपचार मिळतो का?

कंपन: ताई, २००१ मध्ये सशांवर दाखवलं होतं की बबल आणि अल्ट्रासाउंडने रक्तातून मेंदूत औषध जाऊ न देणारा अडसर तात्पुरता उघडतो. आता माणसांवर चाचण्या चालू आहेत, पण हा रोजचा उपचार नाही. आईच्या कॅन्सरतज्ज्ञांना चाचणीबद्दल जरूर विचारा.

जुना_हात: मूळ प्रश्नाकडे या. बबल वर तरंगतात. ३ मायक्रॉनचा बबल सेकंदाला साधारण ५ मायक्रॉन चढतो, म्हणजे तीन-चार मिनिटांत मिलिमीटरभर वर. तुमच्या पेशी तळाला. भेटणार कधी? बंद चेंबर घ्या, उलटा करा, म्हणजे पेशी वरच्या बाजूला येतील.

फटाका: प्रेशर आणखी वाढवा. बबल फुटल्याशिवाय पेशीच्या पडद्याला भोक पडत नाही.

जुना_हात: चूक. बबल पेशीला चिकटून नुसता आकुंचन-प्रसरण पावला तरी पडदा सैल होतो. फोडत सुटलात तर पेशी मरतील आणि त्यालाच यश समजाल. शिवाय डॉक्सोरुबिसिन स्वतःहूनच आत शिरतं, फरक दिसणार कसा? आधी प्रोपिडियम आयोडाइड हा चमकणारा रंग वापरा, तो धडधाकट पेशीत जात नाही. मेलेल्या पेशींचा हिशोब वेगळा ठेवा. आणि बबल कुपीतून काढता कशाने?

शेवटची_बॅच: इन्सुलिनच्या सिरिंजने. प्लेटही कधी उलटी केली नाही.

जुना_हात: एवढ्या बारीक सुईतून जोरात ओढले की बरेच तिथेच फुटतात. २१ गेजची घ्या, हवेसाठी कुपीत दुसरी सुई टोचा, अगदी हळू ओढा. मग एक थेंब मायक्रोस्कोपखाली मोजा. तो आकडा इथे टाका, पुढचं त्यानंतर बोलू.