मदत हवी आहे: कपाचे कान सुटतायत

नमस्कार मंडळी,

आठवी-नववीच्या मुलांना चित्रकलेच्या तासाला मातीकाम शिकवते. चाक नाही, सगळं हातानेच. तास आठवड्यातून एकदा, त्यातलाही बराच वेळ टेबलं पुसण्यात जातो.

सध्या कप चालू आहेत आणि कान सुटतायत. जोडताना नीट बसतात. दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढून, स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावून, सांधा बोटाने दाबून घेतो. पुढच्या तासाला बघावं तर वरच्या टोकाला केसाएवढी चीर, आणि भाजल्यावर कान हातात! कारण उघड आहे: कप आठवडाभरात कडक झालेला, कान ताजा ओला, म्हणून तो जास्त आकसतो. पण दोन्ही एकाच ओलाव्याला आणायचे कसे? प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं तर कडा सुकतात, बूड मात्र चिखलच राहतं. तळाला ओल्या प्लास्टरचा थर देऊन झाकणाच्या डब्यात काम ठेवतात म्हणे. कोणी केलंय का? बुरशी धरते का?

दुसरं, जाडी. काही जण हत्तीच्या पायासारखं बूड ठेवतात. आत ओल राहिली की १०० अंशांच्या पुढे वाफ होऊन कप फुटतो, शेजारच्यालाही घेऊन जातो. पोखरायला सांगितलं की तोंडं वाकडी. असं काम तुम्ही जास्त दिवस वाळवून, भट्टी सावकाश चढवून भाजता, की सरळ नाही म्हणता? या वयात नकार मिळाला की पोरं परत मातीला हात लावत नाहीत हो.

भट्टी इलेक्ट्रिक आहे, पहिली भाजणी १००० अंशांपर्यंत. ग्लेझचं (भाजून काचेसारख्या होणाऱ्या लेपाचं) रडगाणं नंतर.